आठव्या चोवरचा चतुर

गाव सोडून चार पिढ्या लोटल्या तरी आडनावातला 'कर' सुटत नाही, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. मूळ गाव धरणाखाली गेले, उठून गेले, नकाशावरून पुसले गेले, तरी आडनाव त्या गावाचा पत्ता वाहत राहते. हाच प्रकार एका कीटकाच्या बाबतीत घडला आहे. जपानमधील सर्वांत लहान चतुराला तिथे 'हाच्चो-तोंबो' म्हणतात. 'तोंबो' म्हणजे चतुर. 'हाच्चो' म्हणजे आठ चो, आणि चो हे अंतराचे जुने जपानी माप, सुमारे १०९ मीटरांचे. 'आठ चोवरचा चतुर' असे हे नाव आहे. त्याला मराठीत आणायचे तर 'आठचोकर' म्हणावे लागेल. आता प्रश्न असा की हे आठ चो कोठून मोजायचे? त्याच्या उत्तरात दोन वैद्यबंधू, एक बंदुकीचे मैदान, एक हद्दपार झालेला परदेशी डॉक्टर आणि पाणथळ जमिनीचा दोनशे वर्षांचा इतिहास येतो.

आम्ही भाषेचे शिक्षक आहोत, कीटकांचे अभ्यासक नव्हे. आमचे कुतूहल नावांविषयी आहे: नाव कोण देतो, काय पाहून देतो, आणि ज्याला नाव मिळत नाही त्याचे पुढे काय होते. या कुतूहलापोटीच आम्ही या इवल्या चतुराच्या मागे गेलो. त्या वाटेवर शेवटी आम्हाला आमचीच एक सही भेटली. तिच्याविषयी योग्य ठिकाणी सांगू.

१

प्रथम ओळख. हाच्चो-तोंबोची लांबी डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत १७ ते २१ मिलिमीटर भरते. जगातील सर्वांत लहान चतुरांत त्याची गणना होते. जपानचे एक येनचे नाणे बरोबर २० मिलिमीटर व्यासाचे असल्यामुळे तिथे त्याचे वर्णन हटकून या नाण्याच्या मापाने केले जाते. पूर्ण वयात आलेला नर डोक्यापासून शेपटीपर्यंत लालभडक असतो आणि पंखांच्या मुळाशी मधासारखी पिवळसर झाक असते. मादी मात्र तपकिरी, पिवळ्या आणि काळ्या पट्ट्यांची असते. गवतात बसली असता ती चतुर न वाटता एखादी गांधीलमाशीच वाटावी. नुकताच पंख फुटलेला नरही लाल नसतो, नारिंगी-तपकिरी असतो. त्यामुळे एकाच पाणवठ्यावर उडणारे हे तीन जीव तीन निरनिराळ्या जातींचे आहेत असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे.

याहून मोठी चूक दुसरीच आहे. लहान चतुर दिसला की ते चतुराचे पिल्लू असावे, असे आपण सहज धरून चालतो. लहानपणी आम्हीही तसेच समजत होतो. वस्तुतः चतुराचे बालपण सगळे पाण्यात जाते. तिथे त्याची अळी कात टाकत वाढते, आणि ज्या दिवशी ती गवताच्या काडीवर चढून शेवटची कात टाकते व पंख पसरते, त्या दिवशी तिची वाढ संपलेली असते. पंख असलेला चतुर रंग बदलेल, पण आकाराने वाढणार नाही. तेव्हा पंख असूनही जो लहान आहे, तो पिल्लू नव्हे, तो वेगळाच कुणीतरी आहे. ओळख पटवण्याची पहिली पायरी ही, आणि ती चढण्यासाठी त्या जिवाला मोठ्याची अपुरी आवृत्ती मानणे सोडून द्यावे लागते.

मराठीत आपण बसताना पंख पसरून ठेवणाऱ्याला 'चतुर' म्हणतो आणि पंख पाठीवर मिटून घेणाऱ्या, काडीसारख्या बारीक शरीराच्या त्याच्या भाऊबंदाला 'टाचणी'. हाच्चो-तोंबो कितीही लहान असला तरी तो चतुरच आहे, टाचणी नव्हे. त्याचे डोळे एकमेकांना भिडलेले असतात आणि पंख आडवे पसरलेले असतात.

२

हे नाव ज्या लिखाणामुळे आपल्यापर्यंत आले, त्याचा कर्ता ओकोची झोन्शिन. त्याचा जन्म १७९६ चा, मृत्यू १८८३ चा. मध्य जपानातील ओवारी या संस्थानात तो वैद्य होता. त्याचा धाकटा भाऊ इतो केइसुके हाही वैद्य. त्या काळचा जपानी वैद्य 'होन्झोगाकु' शिकलेला असे. होन्झोगाकु म्हणजे औषधी द्रव्यांचे शास्त्र. आपल्याकडील निघंटूंशी त्याचे नाते सांगता येईल. चीनमधून आलेल्या ग्रंथांत वर्णिलेली वनस्पती किंवा प्राणी आपल्या मुलखात कोणता, हे ठरवणे हा त्या शास्त्राचा गाभा. निघंटूतील एखादे नाव नेमके कोणत्या झाडाचे, यावर आपल्या वैद्यांनी जसे वाद घातले, तसेच वाद तिथेही चालत. पण वाद घालता घालता ओवारीच्या वैद्यांनी एक पाऊल पुढे टाकले. ते पुस्तक मिटून डोंगरात गेले. मिझुतानी होबुन या ज्येष्ठ अभ्यासकाभोवती त्यांची 'शोह्याकुशा' नावाची मंडळी जमली होती. नावाचा अर्थ साधारणपणे 'शंभर वनस्पती चाखणाऱ्यांची मंडळी' असा. जमलेले नमुने समोर ठेवायचे, चित्रे काढायची, नावे पडताळायची, असा त्यांचा क्रम होता.

झोन्शिनने कीटकांची चित्रे व टिपणे यांचा एक संग्रह केला. त्यात या लाल चतुराची नोंद आहे. तिचा आशय असा की, हा चतुर यादा येथील बंदुकीच्या सरावाच्या मैदानावर आठव्या चोच्या जागीच तेवढा सापडतो, आणि म्हणून त्याला हे नाव आहे. ही जागा सामान्यतः आजच्या नागोया शहरातील यादा नदीच्या परिसराशी जोडली जाते. त्याच प्रदेशात, ओकाझाकीच्या किल्ल्यापासून आठ चोवर वसलेल्या गावात तयार होणाऱ्या सोयाबीनच्या मिसोलाही 'हाच्चो मिसो' असेच म्हणतात. अंतरावरून जागेला आणि जागेवरून वस्तूला नाव देण्याची ती तिथली रीतच होती.

या नोंदीत आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो 'तेवढा' हा शब्द. झोन्शिनचे म्हणणे तसे पाहता चुकीचे होते. हाच्चो-तोंबो जपानच्या होन्शू, शिकोकू आणि क्युशू या तिन्ही बेटांवर आहे. कोरिया, चीनपासून आग्नेय आशियापर्यंत त्याचे भाऊबंद पसरले आहेत. पण आपल्या पायाखालच्या मुलखाबद्दल तो खोटे बोलत नव्हता. एवढ्या मोठ्या माळावर हा जीव एका विशिष्ट ओल्या तुकड्यातच राहतो आणि दहा पावले पलीकडे दिसत नाही, हे त्याने टिपले होते. त्याने जात ओळखली आणि त्याच वाक्यात तिचे घरही ओळखले.

या मंडळींच्या आयुष्यात १८२६ हे वर्ष मोठे आहे. फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट हा जर्मन डॉक्टर तेव्हा नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरील डच वखारीत वैद्य म्हणून नोकरीस होता. योगायोगाने तोही झोन्शिनप्रमाणे १७९६ सालीच जन्मलेला. डच वखारीचे शिष्टमंडळ एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, निघाले असता वाटेत मिया या मुक्कामावर होबुन, झोन्शिन आणि केइसुके यांनी त्याची गाठ घेतली. मियाची ती जागाही आज नागोया शहराच्या पोटात आहे. पुढच्या वर्षी केइसुके नागासाकीला जाऊन झीबोल्टजवळ शिकला. परतताना त्याला थुनबर्गचा १७८४ सालचा जपानी वनस्पतींवरील लॅटिन ग्रंथ मिळाला आणि त्याच्या आधारे त्याने १८२९ मध्ये लिनिअसची नामपद्धती जपानी वाचकांसमोर आणली. फुलातील नर आणि मादी अवयवांसाठी त्याने 'ओशिबे' व 'मेशिबे' हे शब्द घडवले, आणि परागासाठी 'काफुन', म्हणजे अक्षरशः 'फुलाची पूड'. हे शब्द आजही जपानी शाळकरी मुलांच्या तोंडी आहेत. आपल्याकडे पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण हे शब्द संस्कृतच्या आधाराने घडले आणि पाठ्यपुस्तकात स्थिरावले. परिभाषेविषयी आपल्याकडे जो वाद अधूनमधून पेटतो, त्यात केइसुकेचे नाव घ्यायला हरकत नाही.

त्याच १८२९ साली झीबोल्टला जपानमधून हद्दपार करण्यात आले. देशाचे नकाशे परदेशी नेण्याचा प्रयत्न हा त्याच्यावरील आरोप होता. जागा कोठे आहे हे सांगणारा कागद एवढा धोकादायक मानला जाण्याचा तो काळ. त्याच काळात एक वैद्य एका चतुराचा पत्ता शांतपणे लिहून ठेवत होता.

३

युरोपला हा चतुर वेगळ्या वाटेने कळला. १८४२ मध्ये पॅरिसला ज्यूल पिएर राम्ब्युर याचा, चतुरांसह अनेक जाळीदार पंखांच्या कीटकांचे वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने याला 'नॅनोफिया पिग्मिया' असे शास्त्रीय नाव दिले. ग्रीकमधील 'नॅनो'सदृश शब्द म्हणजे खुजा, आणि 'पिग्मिया' म्हणजेही ठेंगणाच. एकाच जिवाला दोनदा बुटका म्हटले गेले. संग्रहालयातल्या पेटीत टाचणीला टोचलेला नमुना हातात घेतला की पहिली नजर जाते ती त्याच्या आकारावर. त्याचे पाणी, त्याचे गवत, त्याची ओल त्या पेटीत आलेली नसते. म्हणून राम्ब्युरचे नाव शरीराबद्दल सांगते आणि झोन्शिनच्या नोंदीतले नाव ठिकाणाबद्दल सांगते. दोन्ही नावे खरी आहेत आणि दोन्हीही अपुरी आहेत.

राम्ब्युरच्या त्याच ग्रंथाचा आपल्याशी एक थेट संबंध आहे. आपल्या अंगणात, शाळेच्या मैदानात, पाण्यापासून दूरही जमिनीलगत उडणारा जो लहानसा चतुर आपण रोज पाहतो, त्याचे नाव 'डिप्लाकोडीस ट्रिव्हिअॅलिस'. त्यातले 'ट्रिव्हिअॅलिस', म्हणजे 'सामान्य, कुठेही आढळणारा', हे विशेषण राम्ब्युरने १८४२ मध्येच त्याला बहाल केले. भाताच्या बांधावर दिसणारी 'अॅग्रिओक्नेमिस पिग्मिया' ही इवलीशी टाचणीही त्याच ग्रंथातली, आणि तीही 'पिग्मिया', म्हणजे ठेंगणीच. पुढे भारतीय चतुरांचा पाया घातला तो फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर या लष्करी शल्यवैद्याने. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत त्याचे चतुरांवरील तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये निघाले, आणि आजही अभ्यासकाला त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. झोन्शिन वैद्य, झीबोल्ट वैद्य, फ्रेझर वैद्य. रोग्याची लक्षणे बारकाईने पाहण्याची सवय असलेली माणसे पाणवठ्यावर गेली की तिथेही लक्षणेच पाहत असावीत.

ओळखीचे काम मात्र १८४२ मध्ये संपले नाही. २०२० मध्ये कोरियातील अभ्यासकांनी तिथल्या या चतुराला 'नॅनोफिया कोरेआना' अशी स्वतंत्र जात म्हणून मांडले. तोपर्यंत तो 'पिग्मिया'च समजला जात होता आणि त्या नावाखालीच त्याला कोरियात संकटग्रस्त जीव म्हणून संरक्षण होते. लालबुंद, बुटका, पाणथळीत राहणारा, एवढ्या खुणा जुळल्या म्हणून जात एकच असते असे नाही, हे पुन्हा एकदा दिसले. एक नाव फार मोठ्या मुलखावर पसरले की त्याखाली वेगवेगळी घराणी झाकली जातात. ही गोष्ट बोलीभाषांच्या अभ्यासकाला चांगलीच परिचित आहे.

४

आता घराकडे वळू. हाच्चो-तोंबोला तळे चालत नाही, नदी चालत नाही, खोल दलदलही चालत नाही. त्याला जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचा, उन्हात उघडा असलेला, काही सेंटिमीटर खोलीचा पातळ थर लागतो. आपल्याकडे शेतकरी 'जमीन उपळते' म्हणतो, तसली ही जागा. तिथली माती इतकी निकस असते की उंच गवत, बोरू, झुडपे तग धरत नाहीत. गवत ठेंगणे, पाणी ठेंगणे आणि त्यावर उडणारा चतुरही ठेंगणा. नर एखाद्या मीटरच्या आतबाहेरचा तुकडा आपला मानून राखतो. दुसरा नर आला की त्याला हाकलतो, मादी आली की तिच्याशी जुगतो आणि ती पाण्याला शेपूट टेकवत अंडी घालते तोवर जवळपास पहारा देतो. मे महिन्यापासून उन्हाळा सरेपर्यंत हा सगळा संसार चालतो. उरलेला काळ अळी त्या उथळ पाण्यात काढते.

ज्या मातीत अन्न नाही, तिथे वनस्पतींनी ते दुसरीकडून मिळवण्याची युक्ती केली. म्हणून या पाणथळींत दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा ही कीटकभक्षी वनस्पती हमखास असते, आणि तिच्या चिकट केसांत कधीकधी खुद्द हाच्चो-तोंबोच अडकतो. नागोयाच्या भोवतालच्या टेकड्यांत आढळणाऱ्या एका ड्रॉसेराचे नाव 'तोकाईएन्सिस' आहे, म्हणजे तोकाई प्रदेशाची. सोबत एरिओकॉलॉन कुळीतली, पांढऱ्या मण्यांसारखी फुले धरणारी एक वनस्पती असते. तिच्या जपानी नावात शुभ्र मणी, तारा आणि गवत हे तिन्ही शब्द आले आहेत. वाचकांपैकी जे सप्टेंबरात कासच्या पठारावर गेले असतील, त्यांना हे वर्णन वाचताना ओळखीचे वाटले असेल. कासवर पांढरी चादर अंथरणारा गेंद हा एरिओकॉलॉनच, तिथला दवबिंदू हा ड्रॉसेराच, आणि सीतेची आसवे हीदेखील तशाच निकस ओलीत जगणारी कीटकभक्षी वनस्पती. हाच्चो-तोंबो कासला नाही. पण ज्या प्रकारच्या गरिबीवर तो जगतो, ती गरिबी तिथे आहे.

या घराचा इतिहास मात्र आपल्या अपेक्षेला धक्का देणारा आहे. नागोयाच्या पूर्वेकडील टेकड्या वाळू, गोटे आणि चिकणमाती यांच्या थरांच्या आहेत. पावसाचे पाणी वरच्या गोट्यांतून झिरपते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि उतारावर बाहेर पाझरते. याच चिकणमातीमुळे तिथे सेतो हे कुंभारकामाचे मोठे केंद्र उभे राहिले. इतके की जपानी भाषेत चिनीमातीच्या भांड्यांना सरसकट 'सेतोच्या वस्तू' म्हणतात. भट्ट्यांना लाकूड लागे, घरच्या चुलीला लाकूड लागे. शतकानुशतके झाडे तुटत राहिली आणि टेकड्या बोडक्या झाल्या. बोडक्या उतारावर माती खचली, पाझर उघडे पडले, सावली करायला झाड उरले नाही, आणि हाच्चो-तोंबोला हवे तसे निकस, उघडे, ओले तुकडे तयार होत राहिले. म्हणजे आज आपण ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणून जपू पाहतो, त्यातला बराचसा भाग माणसाच्या कुऱ्हाडीच्या सावलीत घडला होता.

१९५० नंतरच्या दोन दशकांत गॅस आणि तेल आले, लाकूडतोड थांबली, टेकड्यांवर पुन्हा रान वाढले. कुणालाही आनंद व्हावा अशीच ही घटना. पण रान वाढले तशी पाणथळींवर सावली पडली, पाने कुजून माती सकस झाली, उंच गवत शिरले, आणि लाल चतुर एकेका तुकड्यातून नाहीसा झाला. १९७० च्या सुमारास सरकारने भाताचे क्षेत्र कमी करण्याचे धोरण सुरू केले. ते २०१८ पर्यंत चालले. पडीक पडलेल्या डोंगराळ खाचरांत हा चतुर काही वर्षे राहून गेला. पुढे तिथेही झुडपे माजली. टेकड्यांचा सपाट होण्याजोगा भाग वसाहतींनी, कारखान्यांनी आणि गोल्फच्या मैदानांनी घेतला. आज जपानच्या अनेक प्रांतांनी हाच्चो-तोंबोला आपापल्या संकटग्रस्त जिवांच्या यादीत घातले आहे.

यातून कुणी असा अर्थ काढील की माणसाने केलेला उपद्रव हितकारकच असतो. तसे मुळीच नाही. कुऱ्हाडीने उघडा केलेला पाझर आणि बुलडोझरने बुजवलेला पाझर यांत फरक आहे: पहिल्यात पाणी उरते. जुन्या लाकूडतोड्याला त्या ओल्या तुकड्याची फिकीर नव्हती हे खरे; पण त्याला तो तुकडा नाहीसा करण्याचे काही कारणही नव्हते. बेफिकिरी आणि नाश यांच्यामधल्या त्या अरुंद पट्टीत हा चतुर शेकडो वर्षे जगला. आता ती पट्टीच उरलेली नसल्यामुळे त्याला मुद्दाम जपावे लागते. स्थानिक लोक दरवर्षी कोयते घेऊन जातात, झुडपे छाटतात, गवत कापून बाहेर काढतात आणि पाणी उघडे ठेवतात.

५

या शतकात त्या टेकड्यांनी जगाचे लक्ष दोनदा वेधले. २००५ चे जागतिक प्रदर्शन सेतोच्या काइशो नावाच्या रानात भरवण्याची मूळ योजना होती. ओल्या दऱ्यांमधल्या दुर्मीळ वनस्पती आणि कीटकांसाठी हे रान जाणकारांना ठाऊक होते. विरोध होत होताच; १९९९ मध्ये तिथे गॉसहॉक या शिकारी पक्ष्याची घरटी आढळली आणि मुख्य प्रदर्शन दुसरीकडे हलवावे लागले. २०१० मध्ये जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय परिषद नागोयातच भरली आणि तिथल्या कराराला त्याच शहराचे नाव मिळाले. ज्या शहराच्या पोटात हाच्चो-तोंबोचे नावाचे गाव गडप झाले, तेच शहर आता जगाच्या जैवविविधतेच्या कागदपत्रांत कायमचे कोरले गेले आहे. यात उपरोध शोधावा की प्रायश्चित्त, हे आम्ही वाचकावर सोपवतो.

जुलै २०१२ च्या पहिल्याच आठवड्यात दोन घटना घडल्या. तोयोता शहराच्या हद्दीतील यानामी, कामिताका आणि ओन्शिन्जी या पाझरत्या पाणथळींना रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. मोटारींसाठी जगप्रसिद्ध असलेल्या शहरातले हे सगळे क्षेत्र मिळून अवघे २३ हेक्टर. आणि त्याच आठवड्यात कास पठारासह पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली. दोन्हीकडे निकस ओलीचा सन्मान झाला. मात्र आपल्याकडे कासच्या कुंपणाबाहेर पडले की काय दिसते?

आपल्या सातबारावर 'पोटखराबा' असा एक रकाना असतो. ज्या जमिनीत पीक येत नाही, ती खराबा. कोकणातला कातळसडा, त्यावरचे पावसाळी पाण्याचे उथळ खळगे, डोंगरउतारावरचे उपळे हे सगळे त्या एका शब्दात मावते. महसूल गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने तो शब्द बिनचूक होता. पण तो महसुलाचा शब्द आहे हे विसरून आपण तो निसर्गाचे वर्णन म्हणून वापरू लागलो. उपग्रहाच्या आधारे तयार झालेल्या भारताच्या पाणथळींच्या नकाशांतही सव्वादोन हेक्टरांहून लहान जागांना आकार मिळालेला नाही, त्या केवळ ठिपके म्हणून दाखवल्या आहेत. असे ठिपके साडेपाच लाखांहून अधिक आहेत. ठिपक्याला हद्द नसते, आणि ज्याला हद्द नाही ते बुजवल्याचे कुणाला सिद्धही करता येत नाही.

आता त्या सहीविषयी. आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या बाजूस पावसाळ्यात चारपाच महिने घोट्याएवढे पाणी साचणारा एक तुकडा होता. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर चतुर घिरट्या घालत असत. वर्गाच्या खिडकीतून ते आम्हाला दिसत. काही वर्षांपूर्वी तिथे मुरूम टाकून वाहनतळ करण्याचा ठराव झाला. ठरावात 'मागील पडीक भाग समतल करणे' असे शब्द होते आणि आमच्यापैकी दोघांनी त्यावर सह्या केल्या. विद्यार्थ्यांना शब्दांच्या छटा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना 'पडीक' हा शब्द वाचताना अडखळायला झाले नाही. त्या तुकड्याला आमच्या तोंडी दुसरे कोणतेही नाव नव्हते, आणि तिथल्या चतुरांपैकी एकाचेही नाव आम्हाला ठाऊक नव्हते. झोन्शिनच्या नोंदीशी ही गोष्ट ताडून पाहिली तेव्हा आम्हाला आमच्या अडाणीपणाची जी जाणीव झाली, तिच्यातूनच हा लेख लिहिला गेला.

तरीही सगळे निराश होण्याजोगे नाही. अलीकडच्या वर्षांत आपल्या प्रदेशातून चतुरांच्या व टाचण्यांच्या नव्या जाती ओळखल्या जात आहेत. २०१३ मध्ये गोव्यातून 'इडिओनिक्स गोमांतकेन्सिस' आला. २०२० मध्ये 'ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस'. २०२२ मध्ये आंबोलीशेजारच्या चौकुळ गावावरून 'बर्मागोम्फस चौकुळेन्सिस'. साताऱ्याच्या थोसेघरावरून 'युफिया थोसेघरेन्सिस'. लॅटिनमधला हा '-एन्सिस' म्हणजे दुसरे काही नसून आपला 'कर'च आहे. गोमांतककर, कोकणकर, चौकुळकर, थोसेघरकर अशी ही मंडळी आहेत. आठचोकराच्या पंक्तीत ती आता येऊन बसली आहेत.

यादाच्या मैदानावरचा तो ओला तुकडा गेला आणि नाव राहिले. आपल्याकडे नावे आता कुठे लिहिली जात आहेत आणि गावे अजून जागेवर आहेत. चौकुळच्या ओढ्याला पाणी आहे तोवर चौकुळकर हा चतुराचा चालू पत्ता आहे. त्या ओढ्याविषयी उद्या एखादा ठराव कुणाच्या पुढ्यात आला आणि त्यात 'पडीक' हा शब्द असला, तर सही करण्यापूर्वी त्या शब्दावर बोट ठेवून थांबणारा एकजण तरी त्या बैठकीत असावा.